‘पावसाळ्यात काय करणार?’ – काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

रंग बदलून अमोनिया ओळखणाऱ्या सच्छिद्र स्फटिकांवर, म्हणजे मॉफवर (धातूचे अणू आणि त्यांना सांधणारे सेंद्रिय रेणू यांची चौकट) मी लिहिलेल्या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात तीस वर्षं सेफ्टीत काढलीत. तुमचं म्हणणं असं, की ही पावडर आपल्या पावसाळ्यात पहिल्याच दिवशी आडवी होईल, मॉफच्या शोधाला नोबेल मिळालं म्हणून अलार्म वाजत नाही, आणि यापेक्षा लेड अॅसिटेटचा कागद बरा. उत्तराला चार दिवस लागले, कारण आधी एक गोष्ट स्वतः करून बघायची होती.

रबाळ्याच्या आमच्या लॅबमध्ये एचकेयूएसटी-१ या तांब्याच्या मॉफची चिमूटभर पावडर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर तापवली. सकाळी ती गडद जांभळट निळी होती. वॉच ग्लासवर पसरून उघड्या खिडकीशी ठेवली, बाहेर पाऊस चालू. कडेकडून ती फिकटायला लागली आणि माझा चहा संपेपर्यंत सगळी आकाशी झाली. अमोनियाची बाटली कपाटातच बंद होती!

या पदार्थात तांब्याच्या प्रत्येक अणूवर एक जागा रिकामी असते. इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन जो येईल तो तिथे बसतो. अमोनिया घट्ट बसतो हे खरं, पण जुलैच्या हवेत पाण्याचे रेणू त्याच्या कितीतरी पट असतात. म्हणजे ‘रंग बदलला की अमोनिया आला’ हे माझं वाक्य चूक होतं. माझी चाचणी कोरड्या नायट्रोजनमध्ये झाली होती आणि तेही मी लिहिलं नव्हतं. ही चूक त्याहून मोठी. लेखात दोन्ही दुरुस्त केलं आहे.

पण म्हणून सगळेच मॉफ निकालात काढायचे, हे मला पटत नाही. १९९९ सालचा मॉफ-५ दमट हवेत ढासळतो, बरोबर. २००८ साली ऑस्लोत झालेला यूआयओ-६६ हा मॉफ झिर्कोनियम धातूचा. त्याच्या सांध्यांना पाणी सहजी सोडवू शकत नाही. अर्थात टिकणं वेगळं आणि पाण्याने न फसणं वेगळं. त्यासाठी पाणी आवडणारी आणि न आवडणारी अशी दोन-तीन स्फटिकं शेजारी ठेवून त्यांच्या मोजमापातला फरक बघावा लागतो. धातू आणि सांधणारा रेणू आपल्याला निवडता येतो, माझा भरवसा त्यावर आहे.

लेड अॅसिटेटचा कागद हायड्रोजन सल्फाइडसाठी, म्हणजे सडक्या अंड्यासारख्या वासाच्या विषारी वायूसाठी, उत्तमच. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं, तेव्हा त्या वायूसाठी नाकावर विसंबायचं नाही हे तुम्ही मला सांगायला नको. पण कागद एकदा काळा झाला की संपला. कोपरखैरण्यात रात्री दोनला वास येतो, तक्रार होते, माणूस येईपर्यंत वारा फिरलेला असतो. गच्चीवर रात्रभर हवा तपासत राहील आणि वायू गेल्यावर पुन्हा कोरी होईल अशी वस्तू मला हवी आहे. माझी आईही त्याच वासात झोपते, काका.

आता बरणीत मिठाचा ओला लगदा ठेवलाय. त्यावरची बंद हवा साधारण ७५ टक्के आर्द्रतेला स्थिर राहते. यूआयओ-६६च्या गोळ्या त्यातच आठवडाभर ठेवून मग अमोनिया सोडणार आहे. आकडे जसे येतील तसे इथे टाकेन. तुमच्या प्लांटमध्ये अमोनियाचा अलार्म किती पीपीएमवर लावला होता आणि पावसाळ्यात तो खोटा वाजायचा का, एवढं कळवाल? चाचणी त्याच आकड्यापासून सुरू करतो.