दहापैकी चार

शनिवारी सकाळी एका माणसाने मला आकाशात कट मारला. कट मारून घ्यायची मला पुण्यात वीस वर्षांची सवय आहे, पण तिथे निदान पुढच्या सिग्नलला गाठून काच खाली करून दोन शब्द ऐकवता येतात. इथे ओहायोत, हजार फुटांवर, भाड्याच्या सेसना १७२ मध्ये बसून, मी त्याला गुड मॉर्निंग म्हणत होतो.

आमच्या छोट्या विमानतळाला टॉवर नाही, म्हणजे कोणी कधी उतरायचं ते वरून सांगणारं कोणी नाही. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे विमानतळ सुमारे ५,००० आणि टॉवर असलेले जेमतेम ५०० च्या आसपास, बाकी सगळीकडे एकाच फ्रिक्वेन्सीवर जो तो आपण कुठे आहोत ते सांगतो आणि आपापसात जमवून उतरतो. आईला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आपल्या सोसायटीतलं पार्किंग." मग दोन दिवस झोपली नाही.

तर मी डाउनविंडवरून, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट्या दिशेच्या वाटेवरून, आता बेसला, म्हणजे धावपट्टीकडे आडवा, वळणार, तेवढ्यात दोन इंजिनांच्या विमानातला एक जण आला आणि भरदार आवाजात म्हणाला, "एनी ट्रॅफिक इन द एरिया, प्लीज ॲडव्हाइज." हे वाक्य वापरू नका असं एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याच्या, मॅन्युअलमध्ये चक्क लिहिलंय. बारशाला उशिरा यायचं आणि दारातूनच ओरडायचं, कोण कोण आलंय, हात वर करा! अरे, आधीपासून ऐकत असतास तर कळलं असतं ना. तरी मी सविस्तर उत्तर द्यायला लागलो, त्याच वेळी त्यानेही बटण दाबलं, दोघांचं मिळून एक चींऽऽ झालं, आणि त्यातून त्याचं एवढंच बाहेर आलं, "थ्री माइल फायनल, स्ट्रेट-इन." आता फायनलवरच्याचा, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत सरळ उतरत येणाऱ्याचा, हक्क पहिला हे नियमात आहे, पण सरळ घुसणाऱ्याने पॅटर्नमध्ये, म्हणजे उतरायला धावपट्टीभोवती फेरी घालत, असलेल्यांची घडी विस्कटू नये हेही एफएएनेच सांगितलंय. ते त्याला कोण सांगणार, मी मुकाट डाउनविंड लांबवत पलीकडच्या मक्याच्या शेतापर्यंत जाऊन आलो.

उतरून ऑफिसकडे आलो तर बाहेर खुर्चीत आमच्या विमानतळाचे आजोबा. हे रिटायर्ड पायलट, एका हातात हँडहेल्ड रेडिओ, दुसऱ्यात वही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या रेडिओवरच्या बोलण्याला मार्क देतात. कोणी सांगितलं नाही, कोणी विचारत नाही. गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पिवळ्या पायपर कबला रेडिओच नाही, कारण १९४६ च्या त्या विमानात विजेचीच सोय नाही, आणि अशा ठिकाणी रेडिओशिवाय उडणं कायदेशीर आहे. बरं, हँडहेल्ड तरी बरोबर न्यावा? तर तो ते खुर्चीवर ठेवून उडायला जातात, एसटीत सीटवर रुमाल टाकतात तसा.

"चार," आजोबा म्हणाले.

"कशाचे चार, सर?"

"दहापैकी. गुड मॉर्निंगचा एक गेला. सरचा एक. 'आय ॲम करंटली' चे दोन. शेवटी विमानतळाचं नाव विसरलास, त्याचे दोन. १२२.८ फ्रिक्वेन्सीवर आसपासचे चार विमानतळ बोलतात, तुझं गुड मॉर्निंग चार गावांनी ऐकलं आणि तू नक्की कुठे आहेस ते एकालाही कळलं नाही."

"आणि त्याला किती?"

"नऊ. काय आवाज आहे!"

"अहो, त्याने मला कापलं!"

"मी रेडिओची वही ठेवतो. उडण्याची नाही."

"मग एक कशाचा गेला?"

"ते एनी ट्रॅफिक," आजोबा दुःखाने म्हणाले, जणू सचिन नव्व्याण्णववर आउट झाला.

मला खरा राग आवाजाचा आहे. घशात खडी घोळवल्यासारखं बोललं की अर्धा शब्द गिळला तरी चालतो. माझं 'डाउनविंड' मात्र दर शनिवारी 'से अगेन' होऊन परत येतं, कारण माझे व्ही आणि डब्ल्यू सख्खे भाऊ आहेत. अठरा वर्षं राहतोय इथे. टॅक्स भरताना एकदाही कोणी से अगेन म्हटलं नाही.

एवढ्यात तो दोन इंजिनवाला पेट्रोल भरून आला. इस्त्रीचा शर्ट, पांढरे दात. मी तणतणत आत निघालेलो, तर हा पठ्ठ्या चार ढांगांत पुढे झाला, दार उघडून धरलं आणि त्याच भरदार आवाजात म्हणाला, "आफ्टर यू, सर."

सगळं सुनवायचं मनात तयार होतं, नियमाच्या कलमासकट. पण वीस वर्षांचे संस्कार, तोंडातून निघालं, "थँक यू."

आजोबांनी वहीतून मानही वर काढली नाही. "आता कसं," ते म्हणाले. "दोन शब्द. आठ."