‘द प्रिझनर’मधली ती गाडी कॅटरहॅम नव्हे

हिरवं अंग, पिवळं नाक, डोक्यावर छप्पर नाही. अशा गाडीच्या फोटोखाली एक मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय: ‘“द प्रिझनर” या ब्रिटिश मालिकेतली कॅटरहॅम सेव्हन. नायक पॅट्रिक मॅगूहनची स्वतःची गाडी. संपूर्ण मालिकेत हीच एक वापरली, तिच्यातूनच तो त्या गूढ गावात फिरतो.’ मालिकेचं आणि नटाचं नाव तेवढं बरोबर आहे.

कॅटरहॅमचं आधी बघू. कॅटरहॅम आणि लोटस या दोन ब्रिटिश मोटार कंपन्या; सेव्हन हे गाडीचं मॉडेल. मालिकेतल्या गाडीची नंबरप्लेट केएआर १२०सी. ब्रिटनमध्ये तेव्हा शेवटचं अक्षर नोंदणीचं वर्ष सांगायचं, आणि ‘सी’ म्हणजे १९६५. मालिका दाखवली गेली १९६७-६८मध्ये. कॅटरहॅमने सेव्हन बनवायचे हक्क लोटसकडून घेतले १९७३मध्ये! मग ही कॅटरहॅमची कशी असेल? ती लोटस सेव्हन, सिरीज टू. लोकांची गल्लत होते ती १९९०मुळे. त्या वर्षी कॅटरहॅमने मालिकेच्या नावाने, त्याच रंगसंगतीत सेव्हनची खास आवृत्ती काढली. त्यातली सहा नंबरची गाडी मॅगूहनला दिली, कारण मालिकेत तो ‘नंबर सिक्स’.

म्हणजे मॅगूहनकडे सेव्हन आली खरी, पण वीसेक वर्षांनी. पडद्यावरची गाडी लोटस कंपनीची, ग्राहकांना चालवून दाखवायची डेमो गाडी होती. एका भागात नंबर सिक्स ठणकावून सांगतो की ही मी माझ्या हातांनी बांधली आहे. ते पात्राचं बोलणं. नटाच्या नावावर कशाला खपवायचं?

गावात फिरण्याचं तर सोडाच. वेल्समधल्या पोर्टमेरियनला चित्रित झालेल्या त्या गावात धावतात त्या पट्टेरी छताच्या, मिनी मोक नावाच्या छोट्या गाड्या. लोटस दिसते लंडनमध्ये, सुरुवातीच्या दृश्यात आणि मोजक्या भागांत.

‘हीच एक गाडी’ हेही खरं नाही. शेवटच्या भागाचं चित्रीकरण येईपर्यंत मूळ गाडी विकली गेली होती. दुसरी सेव्हन मिळवली आणि तिला तीच नंबरप्लेट लावली, त्यामुळे बघणाऱ्याला पत्ताच लागत नाही. ही दुसरी गाडी पुरवली ग्रॅहम निअर्न यांनी; तेव्हा लोटसच्या गाड्या विकणाऱ्या कॅटरहॅमचे ते प्रमुख. त्या भागात नंबर सिक्सच्या दारात गाडी आणून देणारा माणूस दिसतो ना, ते स्वतः निअर्नच. कॅटरहॅमचं नाव मालिकेशी जोडायचंच असेल तर एवढंच जोडता येईल.