ईस्टरच्या पताकेवर मोर कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया परखड आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते. तुमचं म्हणणं असं की, ईस्टरला चर्चमध्ये लावण्यासाठी हाताने शिवलेल्या पताकांवरचे मोर आणि फुलपाखरू ही पवित्र शास्त्रातली पुनरुत्थानाची चिन्हं नव्हेत. रिकामा क्रूस आणि एक वचन पुरे, बाकी सगळी सजावट.

शास्त्रात मोर येतो तो शलमोन राजाच्या जहाजांतून, पुनरुत्थानाच्या संदर्भात नाही, हे मान्य. पण रोमच्या भूमिगत दफनस्थळांत सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी तो रंगवला. मोराचं मांस कुजत नाही, अशी तेव्हाची समजूत, म्हणून तो अमरत्वाचं चिन्ह. संत ऑगस्टीनने तर कार्थेजमध्ये शिजवलेल्या मोराचा तुकडा ठेवून पाहिला आणि वर्षानंतरही तो फक्त जरासा सुकला होता, असं लिहून ठेवलं. ही समजूत आज कुणी मानणार नाही. तरीही आपलं माणूस पुरलेल्या जागी ज्यांनी मोर काढला, त्यांची आशा माझीही आहे. म्हणून मोर राहील.

फुलपाखराबद्दल मात्र मी तुमच्या बाजूची आहे. कोशातून ते निसर्गक्रमानेच बाहेर पडतं. ख्रिस्ताचं उठणं निसर्गक्रमातलं नाही. मुलांच्या पताकेवर ते शोभतं, वेदीजवळ नको.

‘बाकी सगळी सजावट’ हे मात्र मला अजिबात पटत नाही. शास्त्रातल्या निर्गम या ग्रंथाच्या 26व्या अध्यायात निवासमंडपाचा, म्हणजे उपासनेच्या तंबूचा, पडदा कसा करायचा ते देवच सांगतो: निळं, जांभळं, किरमिजी सूत, तलम कापड आणि त्यावर करूब, म्हणजे पंख असलेले स्वर्गीय जीव. ते काम करणाऱ्या बसालेल आणि अहलियाबचं कसब देवाने दिलेलं होतं, असं तोच ग्रंथ म्हणतो. आणि येशूने प्राण सोडला तेव्हा वरपासून खालपर्यंत फाटला तो मंदिरातला पडदाच! त्याच रंगांची, मधोमध दुभंगलेली आणि फटीतून पांढरं-सोनेरी कापड दिसणारी पताका शिवली, तर तिला सजावट म्हणाल?

वचनाची अक्षरं शेवटच्या बाकावरून वाचता येत नाहीत. निशाण घेतलेला कोकरा, म्हणजे ख्रिस्ताचं चिन्ह, तिथूनही ओळखू येतो. फक्त तो बसलेला, गुबगुबीत नसावा. प्रकटीकरण या शास्त्रातल्या शेवटच्या ग्रंथाच्या 5व्या अध्यायातला कोकरा वधलेला दिसतो, तरी उभा आहे. म्हणून पाय ताठ, छातीवर लाल धाग्याची जखम, आणि पांढऱ्यावर पांढरा हरवू नये म्हणून कडेने सोनेरी दोरा.