रेवणसिद्ध. पूर्ण म्हणा.

आज दुपारी भावाच्या पोराला शाळेतून आणायला मी गेले होते. भाऊ ड्युटीवर, वहिनीला ताप. फाटकाशी उभी राहिले. मॅडम आतून एकेक नाव पुकारत होत्या आणि पोरं दप्तर ओढत बाहेर येत होती. मॅडम म्हणाल्या, "रेयान!" आणि आमचा रेवणसिद्ध बाहेर आला. जरासुद्धा अडखळला नाही. गळ्यातल्या ओळखपत्रावरही तेच लिहिलेलं.

मी विचारलं, मॅडम, हे काय? बाई स्वभावाने चांगल्या आहेत, गोड बोलतात. म्हणाल्या, "अहो ताई, ते नाव फार हेवी आहे ना, बाकीच्या मुलांना जमत नाही. त्यालाही हे आवडतं, विचारा ना." रिक्षात बसल्यावर विचारलं, बाळा, तुझं नाव काय? म्हणाला, "घरी रेवणसिद्ध, शाळेत रेयान."

चार वर्षांचं पोर आहे ते. घरचं नाव शाळेत न्यायचं नसतं, एवढं त्याला कळून चुकलंय. घरी आल्यापासून माझं कशात लक्ष नाही. म्हणून लिहायला बसले.

हे नाव मी ठेवलंय. आत्या मीच. बारशाला पाळण्याशी वाकून त्याच्या कानात मीच कुर्र केलंय, घुगऱ्यांची वाटी हातात घेऊन बसलेल्या सगळ्या बायकांसमोर. त्या दिवशीसुद्धा एक मावशी मागून म्हणालीच होती, "अगं, काहीतरी नवीन ठेवायचं ना, हे काय म्हाताऱ्याचं नाव." हो, म्हाताऱ्याचंच. आमच्या अज्जाचं, म्हणजे आजोबांचं.

आमचा अज्जा इथे सोलापुरातल्याच एका गिरणीत मागावर होता. ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेलीय की आम्हाला ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटते. नवीन कामाला लागला तेव्हा हजेरी लिहिणाऱ्या कारकुनाने मस्टरवर त्याचं नाव 'रमण' लिहिलं. ऐकू नीट आलं नसेल, नाहीतर लिहायचा कंटाळा. पगाराच्या दिवशी खिडकीतून पुकारा झाला, "रमण!" अज्जा जागचा हलला नाही. पुन्हा पुकारा झाला. शेजारचे ढोसायला लागले, अरे तुलाच बोलावतायत. अज्जा म्हणाला, "त्यो रमण आला की त्याला द्या. मी रेवणसिद्ध." आणि पगार न घेता घरी आला.

पगार न घेता. त्या काळात, त्या घरात.

आता हे नाव आहे कुठलं, ते मॅडमना सांगायला पाहिजे होतं. रागाच्या भरात तिथे सुचलं नाही, इथे सांगते. सोलापुरात राहून सिद्धेश्वर माहीत नाही असा माणूस नाही. संक्रांतीला सात नंदीध्वज, म्हणजे देवाच्या मानाच्या काठ्या, निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, गड्ड्याच्या जत्रेला गाव लोटतं. पण सिद्धेश्वर म्हणजेच सिद्धराम, त्यांच्या जन्माची गोष्ट सुरू कुठून होते? हे गाव सोन्नलगी होतं तेव्हा रेवणसिद्ध इथे आले आणि मुद्दगौडा आणि सुग्गलादेवी या नवराबायकोला त्यांनी सांगितलं, तुमच्या पोटी शिवयोगी जन्माला येणार आहे. म्हणजे आपल्या ग्रामदैवताची पहिली वार्ता ज्याने आणली, त्याचं हे नाव. सिद्धराम, सिद्धेश्वर, सिद्धाराम गल्लोगल्ली सापडतात. रेवणसिद्ध मात्र आता शोधावे लागतात. विजापूर रोडला देऊळ आहे, नमस्काराला रांग लागते. ते नाव पोराला ठेवायचं म्हटलं की तोंडं वाकडी.

आणि हे नाव एकट्या आमच्या लिंगायतांचं आहे असंही समजू नका. वीरशैव परंपरेत पंचाचार्यांमधले, म्हणजे पाच आद्य गुरूंमधले, एक रेवणाराध्य, म्हणजेच रेणुकाचार्य. तेलंगणातल्या कोल्लिपाकीला, आताच्या कोलनुपाकाला, सोमेश्वराच्या लिंगातून ते प्रकट झाले असं मानतात. बाळेहोन्नूरचं रंभापुरी पीठ त्यांचं. (रेणुकाचार्य आणि सिद्धरामाच्या गोष्टीतले रेवणसिद्ध एकच की वेगळे, पंचाचार्य आधी की बसवण्णा, ते वाद कृपा करून खाली आणू नका. आज नको.) धनगर समाजात, पलीकडे कर्नाटकातल्या कुरुबांमध्ये, रेवणसिद्ध कुळाचे गुरू. आणि नवनाथांची पोथी ज्यांच्या घरात वाचली जाते त्यांना रेवणनाथ ठाऊक आहेत. रेवा म्हणजे नर्मदा. तिच्या काठच्या वाळूत एका शेतकऱ्याला मूल सापडलं, रेवेच्या वाळूत सापडलं म्हणून रेवण. सांगली जिल्ह्यात विट्याजवळ रेणावीला त्यांचं ठाणं आहे. आमच्या अज्जाबरोबर तिथे जाऊन आलेले लोक अजून आहेत.

बघा, कन्नड बोलणाऱ्या लिंगायताचं, मराठी बोलणाऱ्या नाथपंथीयाचं, माळावर मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगराचं, सगळ्यांचं मिळून एक नाव. नर्मदेपासून तेलंगणापर्यंतचा मुलूख त्यात आहे. यापेक्षा सोलापुरी नाव कुठलं असतं? ज्या गावात एका जिन्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी ऐकू येते, त्या गावच्या शाळेत हे नाव 'हेवी' होतं!

हलकं काय आहे मग? त्याच वर्गात एक कियान आहे, एक वियान, एक अयान, एक कियांश आणि एक रेयांश. मी फाटकाशी उभी राहून ऐकलंय. मॅडमनी कियान म्हणून हाक मारली की दोघं उठतात. रेवणसिद्ध म्हटलं असतं तर एकच उठला असता.

त्या आई-बापांनी प्रेमानेच नावं ठेवलीत, ते मला कळतं. ज्याचं मूल त्याने नाव ठेवावं, मी कोण बोलणार. पण मग आमच्या पोराचं नाव बदलायला तुम्ही कोण?

सगळ्यात जास्त राग मला शाळेचा नाही येत. आपल्याच लोकांचा येतो. भावाने हे नाव ठेवायचं म्हटलं तेव्हा कोण काय बोललं, सगळं लक्षात आहे माझ्या. कोणी म्हणालं, उद्या पुण्याला कंपनीत गेला तर हसतील. कोणी म्हणालं, लग्नाच्या बायोडाटावर कसं दिसेल. एका दिराने तर मोबाईलमध्ये ॲप उघडून 'र' वरून शंभर नावं वाचून दाखवली, एकाचाही अर्थ त्याला धड सांगता येईना. आणि हीच मंडळी संक्रांतीला पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजापुढे उभी राहून फोटो टाकतात. देव चालतो, देवाच्या माणसाचं नाव चालत नाही?

अडचण आहे, नाही म्हणत नाही. गावातल्याच एका रेवणसिद्धाच्या आधारवर इंग्रजीत एक डी आहे, पॅनवर दोन, दहावीच्या सर्टिफिकेटवर नाव तोडून दोन शब्द केलेत, आणि बँकेने पासबुकावर 'सिद्ध' आडनाव करून टाकलंय. हेलपाटे मारून बिचारा दमला. बाहेरगावचे लोक 'ण'चा 'न' करतात. हे सगळं खरं. पण चूक लिहिणाऱ्याची आणि भोगायचं नावाने, हा कुठला न्याय?

इथेच परत अज्जा आठवतो. तो पगार न घेता घरी आला तेव्हा अज्जीने काय केलं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. घरात ज्वारी संपत आलेली, दुकानदाराची उधारी थकलेली. अज्जी चिडली. म्हणाली, "नाव शिजवून खायचं का आता?" अज्जा काही बोलला नाही. रात्री तिनेच शेजारणीकडून पीठ आणलं, भाकरी थापल्या, आणि ताट पुढे करताना हाक मारली. आमच्यात जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. उखाण्यातच काय ते. त्या रात्री तिने पूर्ण नाव घेतलं, रेवणसिद्धप्पा, जेवून घ्या. अज्जी गेली त्याच्या आदल्या वर्षी तिने हे मला सांगितलं, आणि सांगतानासुद्धा लाजली.

हे लिहिता लिहिता माझा राग थोडा उतरलाय. त्या मॅडमचंही काय चुकलं, चाळीस पोरं सांभाळायची, पगार तो काय असणार, आणि वरून इंग्लिश मीडियमचं ओझं. त्यांना कोणी सांगितलंच नसेल की पोराला स्वतःच्या नावाने हाक मारणं हेही शिकवण्यातच येतं. पण त्यांनी एकदा आम्हाला विचारायला हवं होतं. एक फोन. तेवढाही नाही?

हुतात्मा चौकातून रोज जाता ना तुम्ही सगळे? १२ जानेवारी १९३१ ला स्वातंत्र्यलढ्यात येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेलेले ते चौघे. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. नावं एकामागून एक मोठ्याने म्हणून बघा. हे गाव कोणाकोणाचं आहे ते त्या चार नावांतच कळतं. आज 'मल्लप्पा' नाव ठेवलं तर हीच मंडळी नाक मुरडतील. पुतळ्याला हार घालतील, आणि घरी येऊन नातवाला मायरन म्हणतील.

अज्जाच्या गोष्टीचा शेवट राहिला. दुसऱ्या दिवशी तो खिडकीशी गेला आणि कारकुनाला म्हणाला, माझं नाव लिहा, मग पगार द्या. कारकून वैतागला, पण त्याने रमण खोडलं. अज्जाला लिहिता-वाचता येत नव्हतं, स्वतःचं नाव तेवढं ओळखायचा. खिडकीच्या गजांतून हात घालून त्याने मस्टर आपल्याकडे वळवून घेतलं आणि बोट ठेवून एकेक अक्षर तपासलं. रे. व. ण. सि. द्ध. मागे सगळी रांग खोळंबली होती. त्याला लिहिता येत नव्हतं, तरी आपलं नाव चुकलंय हे त्याला दिसत होतं. आपण सगळे शिकलेले. आपल्याला दिसत नाही?

उद्या भाऊ आणि मी दोघं शाळेत जाणार आहोत. भांडायला नाही. नवीन ओळखपत्र करून मागायला, पैसे आम्ही देऊ. वहिनी म्हणतेय, कशाला उगाच, वर्षभर त्याच मॅडमकडे पोराला ठेवायचंय. तिची काळजी मला कळते. तरी जाणार.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत असं नाव असेल, जिवंत माणसाचं किंवा गेलेल्या, तर खाली लिहा. रेवणसिद्ध असेल तर आधी. मल्लिनाथ, अमोगसिद्ध, बिरप्पा, शिवलिंगप्पा, नरसय्या, राजमल्लू, काहीही. कोणाचं, कुठल्या गावचं, कोणी ठेवलं तेही लिहा. फक्त पूर्ण लिहा. एस. आर. नको, सिद्धू नको, अप्पा नको.