पाईकची पाहणी

गोड्या पाण्यातला पाईक मासा अधाशी, असं सगळे सांगतात. बेडूक, बदकाची पिल्लं, वेळ पडली तर स्वतःचे भाऊबंदसुद्धा गिळतो म्हणे. ही कीर्ती ऐकून कुणालाही वाटेल, याच्यापुढे काहीही टाकलं की झालं. माझी माशी, म्हणजे फ्लाय फिशिंगमध्ये गळावर बांधतात ते बनावट आमिष, मात्र या 'काहीही'मध्ये बसत नाही.

माशी म्हणायचं ते रीत म्हणून. ट्राउट माशासाठीची माशी नखाएवढी असते, पाईकसाठीची वीतभर. हरणाच्या शेपटीचे केस, वर चमचमत्या झिरमिळ्या. कोरडी असताना देखणी, पाण्यातून निघाली की ओल्या मोज्यासारखी जड. ती फेकायला नऊ फुटी, नऊ नंबरची, म्हणजे जड दोरी पेलणारी काठी लागते. फ्लाय फिशिंगमध्ये वजन असतं ते दोरीला. जाड दोरी हवेत मागे-पुढे झुलवायची, की तिच्या ओढीनं माशी पुढे जाते. मागे गेलेली दोरी पूर्ण उलगडेपर्यंत फक्त थांबायचं. थांबणं क्षणभराचंच, पण माशीतला बोटाएवढा आकडा, म्हणजे गळ, आपल्या डोक्यामागे कुठेतरी फिरतोय हे ठाऊक असताना स्थितप्रज्ञही घाई करेल. टोपी आणि चष्मा घातल्याशिवाय या खेळात कुणी उतरू नये.

माशीच्या आधी तारेचा तुकडा जोडावा लागतो, कारण पाईकच्या दातांपुढे नायलॉन टिकत नाही. तारेमुळे फेक आणखी बिघडते. तरी माशी कधीतरी पाणवेलींच्या कडेला पडते, मी दोरी झटक्याझटक्यानं ओढू लागतो, आणि खालून एक लांबडी हिरवी सावली मागे लागते. थेट होडीपर्यंत येते. थांबते. मुलगी बघायला आलेल्या मंडळींच्या चेहऱ्यानं माशी न्याहाळते आणि 'कळवतो' म्हणून निघून जाते.

अशा वेळी जाणकारांचा उपाय म्हणजे काठीचं टोक पाण्यात बुडवून आठचा आकडा काढणं. इंग्रजी आठ, आपल्या आठाला दुसरा वळसाच नाही. कधीकधी सावली परत फिरते आणि घास घेते. तेव्हा काठी उचलायची नाही, दोरी हातानं जोरात खेचायची, तरच गळाचा आकडा त्या कडक जबड्यात रुततो.

पुढचं काम म्हणजे तो रुतलेला आकडा काढणं. कल्ल्यांना धक्का न लावता झाकणाखाली बोटं सरकवायची, जबडा उघडायचा आणि शेकडो दातांच्या आत चिमटा घालायचा. चिमटा लांब असावा, असं सगळेच सांगतात. किती लांब ते कुणी सांगत नाही. माझ्या मते नऊ फूट.