एव्हा, इंग्रिड आणि लातूरची खोली

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एक खटला चालू आहे आणि आरोपी मी आहे, ओस्लोत राहणारी आत्या. दादाची लेक अकरावीला, लातूरला खोली करून राहते, नीटच्या क्लाससाठी. तिचं आणि खोलीतल्या अंबाजोगाईच्या मैत्रिणीचं वाजलंय. एकाच खोलीत राहून दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. क्लासातल्या एका मुलावरून, असं वहिनीचं म्हणणं. टेस्टच्या मार्कांवरून, असं पोरीचं. दादाचा निकाल मात्र लागून गेला: ‘आत्यानं ती नॉर्वेची मालिका सांगितली, तवापासून पोरगी बिघडायली. पुढच्या महिन्यात खोली बदलायची.’ त्याखाली आठ अंगठे, त्यातला एक चुलत काकांचा, ज्यांना मालिका कुठली हेही ठाऊक नाही.

मालिका म्हणजे ‘स्काम’. नॉर्वेच्या सार्वजनिक वाहिनीनं, एनआरकेनं, २०१५च्या सप्टेंबरात सुरू केली, चार सीझन करून २०१७ला थांबवली. प्रसंग ज्या वेळी घडतो त्याच वेळी त्याचा तुकडा वेबसाइटवर यायचा. शुक्रवार रात्रीची पार्टी शुक्रवारी रात्रीच. पहिला सीझन एव्हाचा. इंग्रिड तिची जिवाभावाची मैत्रीण, आणि योनास आधी इंग्रिडचा. एव्हानं त्याच्याशी सूत जमवलं, तेही तो इंग्रिडबरोबर असतानाच. आता तिघंही त्याच शाळेत. मैत्रीण गेली, बरोबर बाकीच्याही गेल्या, आणि रोज मधल्या सुट्टीत ती समोर दिसते. एवढंच आहे. यात बिघडण्यासारखं काय शिकवलंय, हे दादानं मला एकदा सांगावं. एव्हा मजेत असते असंही नाही; योनास आपल्याशीही तसंच वागेल, हा संशय तिला पोखरत राहतो. जे केलं त्याची किंमत भरायची असते, हे दादा स्वतः दर दिवाळीला सगळ्यांना ऐकवतो.

दादाचा दुसरा मुद्दा: ‘तिकडं आईबापांचं लक्षच नसतं.’ एव्हाची आई कामापायी सारखी बाहेरगावी असते, हे खरं. मोठी माणसं त्या मालिकेत फारशी दिसतच नाहीत. पण लातूरच्या क्लासेसच्या भागात संध्याकाळी चक्कर मारून बघा. नांदेड, बीड, धाराशिव, परभणी, कुठकुठल्या तालुक्यांतली पंधरा-सोळा वर्षांची लेकरं, मेसचा डबा, कॉटखाली पेटी आणि आठवड्याला एक फोन, त्यातही पहिला प्रश्न रँक किती आली हाच. आईबाप तिथंही नसतातच. फरक इतकाच की नॉर्वेत त्याला दुर्लक्ष म्हणायचं आणि तिकडं लातूर पॅटर्न. आणि ज्या मैत्रिणीशी एकाच ताटात जेवायचं, तिचेच मार्क भिंतीवरच्या यादीत आपल्या वर की खाली हे आधी बघायचं, अशा मैत्रीला तडा जायला नॉर्वेहून मालिका कशाला यायला हवी?

तिसरा मुद्दा काकांचा होता. पोट भरलं की ही असली दुःखं सुचतात. आपल्याकडं २०१६ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, तेव्हा कोणाला मैत्रीचं पडलं होतं! त्याच उन्हाळ्यात, काका, आमची लातूरची मावशी टँकरच्या नळीवरून शेजारणीशी भांडली. सख्ख्या बहिणींसारख्या होत्या दोघी. अजून बोलत नाहीत. मावशीचं घर बदला, असं कोणी म्हणालं का?

‘स्काम’ ज्या शाळेत घडतं ती ओस्लोत खरोखरची आहे, हार्टविग निस्सेन. फ्रॉग्नरकडं जाताना दिसते. १८४९ला मुलींची शाळा म्हणून निघालेली. इथल्या लोकांना तिचं कौतुक, तर मी लगेच सांगते, आमची भिडे वाड्यातली १८४८ची. तेव्हा मी फुल्यांची होते, मराठी होते, सगळं होते. घरच्या ग्रुपवर आले की नॉर्वेची होते. हे दादानं बरोबर हेरलंय आणि तो मला ‘मॅडम’ म्हणतो.

तरी माझं म्हणणं मागं घेत नाही. मालिकेतली मला सगळ्यात पटलेली गोष्ट ही की एव्हा-इंग्रिडच्या मध्ये कोणी मोठं माणूस येत नाही. मिटवायलाही नाही आणि तोडायलाही नाही. सीझनच्या शेवटी एव्हा योनासला सोडते, तेही कोणाच्या सांगण्यावरून नाही. आपल्याकडं पोरींचं भांडण झालं की आधी आया फोनवर येतात, मग बाप गाडी काढतात, मग खोली बदलते. त्या दोघींना एकमेकींसमोर बसून अवघडायला वेळच मिळत नाही.

अर्थात कोणी मध्ये पडत नाही, म्हणजे कोणीच पडत नाही. आमच्या ओस्लोतल्या बिल्डिंगमध्ये दुगनादला, म्हणजे सगळ्यांनी मिळून आवार साफ करायच्या दिवशी, मी दरवर्षी पानं गोळा करते, शेजारीण वाफल आणते, आम्ही हवेबद्दल बोलतो आणि आपापल्या दारात जातो. ती माझ्यावर रागावण्याची सोयच नाही. रागवायला आधी काहीतरी लागतं. ऑफिसात मतपाक्के, म्हणजे घरून आणलेला डबा, खायच्या टेबलावरही तेच. इतक्या वर्षांत इथं माझ्याशी कोणाचं बिनसलं नाही, हे मी पूर्वी अभिमानानं सांगायची.

माझं जिच्याशी बिनसलंय ती उदगीरची. कारण सांगत नाही. मुलगा नव्हता आणि मार्कही नव्हते. मागं येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, गेले होते तेव्हा दादानं तिच्या घरच्यांनाही शेतावर बोलावलं होतं. येळवशीला कोणाला नको म्हणायचं नसतं. भज्जी वाढून झाली, उंडे फिरले, आणि माझ्या पानासमोर उभी राहून तिनं माझ्या आईला विचारलं, ‘काकू, हिला आंबील चालती का अजून, का बाधंल?’

सगळे हसले. मी इतकी चिडले की कान तापले. आणि ओस्लोला परतल्यावर कित्येक दिवस तेच वाक्य आठवून मला बरं वाटत होतं, कारण इतकं नेमकं टोचायला माणसाला आपण पुरते माहीत असावं लागतं.

चालती म्हणावं, असं मीही आईलाच सांगितलं.