हंसाने अडवलेली वहिवाट

भूमिअभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून ३१ वर्षे काढलेल्या माणसाने हद्दीच्या भांडणाला घाबरू नये, अशी लोकांची रास्त अपेक्षा असते. वीतभर बांधासाठी एकमेकांवर कोयते उपसणारे सख्खे भाऊ मी पाहिले आहेत, आणि मोजणी मान्य नाही म्हणून आमची साखळी उचलून सरळ विहिरीत टाकणाऱ्या एका आजीबाईंचा पंचनामाही मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे. पण निवृत्तीनंतर माझा रोजचा रस्ता ज्याने अडवला, त्याच्याकडे ना सातबारा होता, ना नकाशा. तो एक हंस होता, आणि त्याच्या जातीला पक्षितज्ज्ञांनी ‘मूक हंस’ असे नाव दिलेले आहे.

आमची कन्या कॅनडात व्हँकूव्हरला राहते. तिच्या आग्रहावरून आम्ही उभयता एप्रिलच्या सुरुवातीला सहा महिन्यांसाठी तिकडे गेलो. घरापासून दहा मिनिटांवर स्टॅनले पार्क हे अवाढव्य उद्यान, आणि त्याच्या तोंडाशीच ‘लॉस्ट लगून’ नावाचे तळे. तळे हरवले कसे, हे विचारल्याशिवाय मला चैन पडेना. चौकशीअंती कळले की पूर्वी ही समुद्राची एक फाटी होती आणि ओहोटीला तिच्यातले पाणी साफ निघून जात असे. पॉलिन जॉन्सन या मोहॉक नावाच्या मूलनिवासी जमातीतल्या कवयित्रीने त्यावरून हे नाव दिले. पुढे १९१६ च्या सुमारास बांधरस्ता घालून समुद्राची वाट बंद केली गेली आणि हरवणारे पाणी कायमचे जागेवर बसले. म्हणजे कागदोपत्री नाव एक आणि जागेवरची स्थिती दुसरी. ही गोष्ट माझ्या इतकी परिचयाची होती की पहिल्याच दिवशी मला त्या तळ्याबद्दल आपुलकी वाटू लागली.

तळ्याभोवती साधारण पावणेदोन किलोमीटरची पायवाट आहे. माझ्या रक्तातल्या साखरेचा विचार करून डॉक्टरांनी रोज एवढेच चालायला सांगितले होते, त्यामुळे एक फेरी म्हणजे एक दिवसाचे कर्तव्य, असा हिशेब सोपा झाला. पहिले चार दिवस मी चेरीच्या फुलांखालून अत्यंत समाधानाने चाललो, आणि पाचव्या दिवशी पाणकणसांच्या बेटापाशी, जिथे वाट पाण्याला अगदी लगटून जाते, तिथे तो उभा होता.

हंस या प्राण्याविषयी माझे सर्व ज्ञान तोवर सांस्कृतिक स्वरूपाचे होते. तो सरस्वतीचे वाहन असतो, दूध आणि पाणी वेगळे करतो, दमयंतीला नळाचा निरोप पोचवतो आणि सौभाग्यवतींच्या पैठणीवर रांगेने बसतो, एवढे मला माहीत होते. यापैकी कोणत्याही कामात तो माणसाच्या पोटरीकडे रोखून पाहतो, असा उल्लेख माझ्या कानावर आलेला नव्हता. उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणाऱ्या, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेल्या पाहुण्यालाही आपल्याकडे राजहंस म्हणतात. परंतु तो पक्षी वेगळा, आकाराने लहान आणि स्वभावाने भिडस्त. माझ्यासमोर उभा असलेला हा गृहस्थ दहा-बारा किलो वजनाचा असावा. त्याची चोच नारिंगी होती आणि तिच्या मुळाशी काळा गोळा होता. नरात हा गोळा मोठा असतो आणि विणीच्या दिवसांत आणखी फुगतो, हे मी नंतर वाचले.

त्याने मान मागे घेतली, दोन्ही पंख पाठीवर शिडासारखे उभारले आणि तोंडाने असा आवाज काढला की मला आमच्या स्वयंपाकघरातला, शिट्टीच्या बेतात आलेला कुकर आठवला. ‘मूक’ हे विशेषण कोणी दिले असेल ते असो, त्या माणसाची आणि हंसाची भेट लांबून झाली असली पाहिजे. तो फुसफुसतो, घोरल्यासारखे गुरगुरतो आणि नाकात तपकीर गेल्यासारखा फुत्कारतो. फक्त इतर हंसांसारखा तुतारीचा स्वर काढत नाही, एवढ्या एका उणिवेवर त्याची मुक्यांत नोंद झालेली आहे.

त्यातच पाऊस सुरू झाला आणि मी सवयीने छत्री उघडली. ही माझी घोडचूक ठरली. पंख उभारणे हे हंसांच्या भाषेत हद्दीचे जाहीर आव्हान आहे. ते दोन पायांवर उभ्या असलेल्या पाच फूट सहा इंची प्राण्याने, काळ्या रंगात आणि खटकन आवाज करून दिले, असा त्याचा प्रामाणिक समज झाला असावा. तो धावून आला. पसरलेले पंख टोकापासून टोकापर्यंत दोन मीटरांहून अधिक भरतात, हा आकडा मी ऐकीव माहितीवर देत असलो तरी त्या क्षणी डोळ्यांनी घेतलेल्या मापाशी तो तंतोतंत जुळतो. मी छत्री पुढे धरून मागे मागे जात बाकावर चढलो. जॉगिंग करणारी एक तरुणी कानांत गाणी ऐकत आमच्या दोघांच्या मधून शांतपणे निघून गेली, आणि त्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

घरी हकीगत सांगितल्यावर सहानुभूती मिळेल अशी माझी कल्पना होती. ‘‘अहो, रस्ता गोलच आहे ना? मग उलट्या बाजूने जा,’’ ही म्हणाली. मी ३१ वर्षे जमिनी मोजल्या असल्या तरी हे तिला कागदावर वर्तुळ काढून समजवावे लागले, की उलट्या बाजूने गेल्यास हंस सुरुवातीऐवजी शेवटी भेटतो, एवढाच फरक पडतो. कन्येचे म्हणणे असे की, ‘‘बाबा, तो नुसता भीती दाखवतो. पंखाच्या फटक्याने माणसाचे हाड मोडते वगैरे अतिशयोक्ती आहे.’’ अतिशयोक्ती वजा केल्यावर नेमके काय उरते, हे मात्र तिने सांगितले नाही.

मग मी खात्याच्या शिस्तीने स्थळपाहणी केली. पाणकणसांत बोरूचा आणि वाळल्या पानांचा बैलगाडीच्या चाकाएवढा ढीग होता, त्यावर मादी बसलेली होती, आणि ती चरायला उठली तेव्हा खाली पाच मोठी, फिकट हिरवट-करडी अंडी दिसली. वहिवाट अडवण्याचे कारण स्पष्ट झाले. लगतच्या कब्जेदारांचीही स्थिती माझ्याहून बरी नव्हती. कॅनडा गूज जातीचे भलेदांडगे पक्षी त्याला पाहताच पाण्यातून काढता पाय घेत, आणि दुसरा एखादा नर हंस नजरेच्या टप्प्यात आला की हा दोन्ही पायांनी एकदम पाणी मारत, झटक्या-झटक्याने नावेसारखा त्याच्यावर चालून जाई. सामान्य बदकांना तो बहुधा माफ करीत असे. मी बदकांत मोडत नव्हतो.

अंडी उबायला साधारण ३६ दिवस लागतात. कोर्टाची तारीख पडावी तसा मी कॅलेंडरवर एक दिवस मांडला आणि तोपर्यंत रोज त्या वळणाच्या अलीकडून परत फिरून तेवढेच अंतर दोनदा चालू लागलो. पाऊस असला तर भिजत, कारण छत्री उघडण्याची आता माझी हिंमत नव्हती. समोरच्या बाकावरून मी त्याला पाहत बसे. हे पाहणे मुख्यतः सुरक्षिततेच्या कारणासाठी होते.

एकदा त्याने आळस देताना पंख ताणले, तेव्हा एक पंख दुसऱ्यापेक्षा आखूड असल्याचे माझ्या लक्षात आले. मापाच्या बाबतीत माझी नजर सहसा चुकत नाही. तळ्याच्या शोभेसाठी ठेवलेल्या हंसांच्या एका पंखाचे शेवटचे पेर ते पिल्लू असतानाच कापून टाकत, म्हणजे त्यावरची उड्डाणाची पिसे पुन्हा कधी येत नाहीत आणि पक्षी जन्मभर जागेवर राहतो. मूक हंस उडतो तेव्हा त्याच्या पंखांचा घुमणारा आवाज फार लांबवर ऐकू जातो म्हणतात. हा एक आवाज याला स्वतःला कधी काढता येणार नव्हता. शिवाय तो इथला नव्हेच. त्या प्रांताचे मूळचे हंस काळ्या चोचीचे, आणि याचे पूर्वज माणसांनी युरोपातून हौसेने आणलेले. मी निदान परतीचे तिकीट काढून आलो होतो. त्या दिवशी मी वळणाच्या चार पावले आणखी अलीकडून मागे फिरलो. त्यामागे भीती नव्हती, असे मी हिला सांगितले. तिने ते नोंदवून घेतले नाही.

मे महिन्याच्या मध्यास तीन करडी पिल्ले पाण्यात दिसली. दोन आईच्या मागे पोहत होती आणि एक तिच्या पाठीवर, पंखांच्या आडोशाला बसून मोजणी-अधिकाऱ्याच्या ऐटीत तळ्याची पाहणी करत होते. घरटे ओस पडले होते. वाट मोकळी होती. बारीक पाऊस होता, म्हणून मी मनाचा हिय्या करून, बरोबर त्या वळणावर, छत्री उघडली.

त्याने पाण्यातून मान वळवून माझ्याकडे एकदा पाहिले, पंख जागच्या जागी ठेवले, आणि कुटुंबाला घेऊन तो पलीकडच्या काठाकडे निघून गेला. मी बराच वेळ तिथे उघडी छत्री धरून उभा होतो. पाच आठवड्यांच्या ओळखीनंतर त्याने निदान एकदा फुसफुसायला हरकत नव्हती.